साळवेसरांचा एकांत

आमच्या शेजारच्या साळवेसरांना एकांतात जायचं असलं, की ते आधी सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरतात. "उद्यापासून मी कुणाला भेटणार नाही हं," एवढं सांगायला प्रत्येक घरी अर्धा तास बसतात. चहाही घेतात, कारण उपास उद्यापासून.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला की दरवर्षी हेच. "ईस्टरला स्वच्छ मनानं जायचं, तर आधी पोट आणि तोंड दोन्ही बंद ठेवावं लागतं. प्रभू उपास करायला अरण्यात गेला, मला आपली कसब्यातली बेडरूम," असं म्हणून सर नुसत्या पाण्यावर खोलीत बसतात. त्यात त्यांना साखरेचा आजार. डॉक्टर ओरडतात, चर्चचे पाळक समजावतात. सरांचं उत्तर ठरलेलं, "माझं आणि त्याचं बोलणं चाललंय, आपण मध्ये पडू नका."

पूर्वी त्यांच्या मिसेस दाराबाहेरून तासातासाला विचारायच्या, "अहो, आहात ना?" आतून वैतागलेला आवाज यायचा, "आहे." मागच्या दिवाळीत त्या गेल्या आणि यंदा ते काम माझ्या गळ्यात पडलं. सरांनी घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "सुलभाताई, सकाळ-संध्याकाळ खोलीचं दार वाजवायचं. मी 'आहे' म्हटलं की आपण घरी जायचं."

मला मेलीला झोप लागेना. दार वाजवल्यापासून उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला लागायचा. 'आहे' ऐकलं की मनातल्या मनात दोन शिव्या घालून परत यायचे. रोज तो आवाज बारीक होत चालला होता.

गुरुवारी संध्याकाळी दार वाजवलं, तर उत्तरच नाही. पुन्हा वाजवलं. "सर, अहो सर." काही नाही. त्यांच्या मुलीला दुबईला फोन करून काय सांगायचं, तेसुद्धा मनात येऊन गेलं. आतून कडी असणार म्हणून सगळा भार टाकून दार ढकललं. कडी नव्हतीच. मी धडपडत आत.

सर दाराशेजारच्या भिंतीला लागूनच खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर बायबल. माझ्याकडेच बघत होते.

भीती ओसरली तसा संताप आला. "ऐकू येत नव्हतं का तुम्हाला? माझा जीव गेला असता इथे."

"येत होतं."

"मग 'आहे' म्हणायला काय झालं होतं?"

सरांनी मांडीवरचं बायबल मिटलं. मग खाली बघत म्हणाले, "म्हटलं की तुम्ही जाता, ताई."