वाडीचे मोहकपण आणि नंदाबाईंचा नळ

सुज्ञ वाचकहो, लोणावळ्याजवळ, औंढे गावाच्या वरच्या अंगाला वसलेली आमची वाडी मोहक कशी झाली आणि त्या कार्यी नंदाबाईंचा नळ कसा खर्ची पडला, याचे यथामती निवेदन मी आपणांसमोर सादर करीत आहे. कृपया शांतचित्ताने वाचावे.

नंदाबाईंचे दोन्ही गुडघे निकामी झालेले असून विहीर खाली उतारावर आहे. पुष्कळ अर्जविनंत्यांनंतर त्यांच्या दारात नळ बसला. त्यांनी पितळी तोटीला हळदकुंकू वाहिले. पाणी सोमवारी सुटायचे होते. परंतु शनिवारीच पुण्याहून 'मोहक ग्राम जतन समिती'चे धवलसाहेब पाहणीस आले. शहरानजीकच्या ज्या खेड्यांनी आपला स्वभाव व इतिहास टिकवला आहे, त्यांची निवड करण्याचे दायित्व त्यांच्या शिरावर होते.

साहेबांनी प्रथम विहिरीचा इतिहास विचारला.

"आमीच खणली की," वाडीतले वडीलधारे गेणूआबा म्हणाले. "माज्या लग्नाच्या साली. रोजगार हमीवर."

"आबा, फलकावर आपण 'पुरातन' लिहू."

"लिवा. मंग माज्या पाठीवर बी लिवा. मी हिच्यापरीस थोरला हाय."

फलक लागला, त्यात विहीर सातवाहनकालीन ठरली. आपण सातवाहनांच्या रोजगार हमीवर होतो, हे वाचून आबांना भरून आले.

इतिहास मार्गी लागल्यावर साहेब स्वभावाकडे वळले. पाण्याला जाणाऱ्या स्त्रिया हाच या वाडीचा स्वभाव होय, असे त्यांचे मत पडले. सबब दारातला नळ स्वभावाशी विसंगत होता.

"सभाव कसला सायेब? नाइलाज हाय त्यो," नंदाबाई म्हणाल्या. "माजं गुडगं तरी बगा."

साहेबांनी गुडघे पाहिले व ते फोटोत येत नसल्याचा निर्वाळा दिला.

तथापि समिती निर्दय नव्हती. शनिवार-रविवार नळ बंद, एरवी चालू, असा मध्यममार्ग निघाला. पुढे वाडीची निवड होऊन पाहुण्यांची रीघ लागली आणि त्यांच्या निवासासाठी वाडीच्या माथ्यावर पाहुणेघर उभे राहिले. मोहकपणा पाहण्यापुरता असतो, आंघोळीला नळच लागतो. त्यामुळे नंदाबाईंच्या नळाची लाइन तोटीसकट वर नेण्यात आली. मग पोहण्याचा तलाव झाला. तो लाइनने भरेना, तेव्हा सातवाहनकालीन विहिरीवर पंप बसवला. चैत्रात विहीर कोरडी पडली.

"आता काय वाहायचं?" नंदाबाईंची सून सारिका हिने साहेबांना गाठून विचारले.

"रिकामे हंडे चालतील, ताई. ये-जा थांबता कामा नये."

पण रिकाम्या हंड्याखाली मान ताठ राहते. ओझे खरे वाटत नाही, अशा पाहुण्यांच्या तक्रारी आल्या. समितीने विचारान्ती हंड्यांत वाळू भरण्याचे ठरवले.

"वाळू वाहतोच हाय, तर तिचं पक्कं घर तरी बांदू द्या," सारिका म्हणाली.

"पक्के घर मोहक नसते, ताई."

गेल्या रविवारी नीरजाताई नामक पाहुण्या चढावर दमल्या. समोरून नंदाबाई हंडा घेऊन येत होत्या.

"मावशी, घोटभर पाणी द्याल?"

नंदाबाईंनी हंडा उतरवला आणि ओंजळभर वाळू पुढे केली.

"घ्या बाई. सातवाहनांचं हाय. लाजू नका."

नीरजाताई क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "अगं, किती गोड! मावशी, पुन्हा एकदा उचला ना, मघाशी फोन बंद होता."

नंदाबाईंनी पुन्हा उचलला. गुडघा कडकन वाजला, परंतु फोटोत आवाज येत नसल्याने कामात बाधा आली नाही.

वाचकहो, आपणही येऊन गेला असाल. मान वाकलेली बाई, माथ्यावर हंडा, मागे डोंगर, असा एखादा फोटो आपल्याही फोनमध्ये असेल आणि त्याखाली आपण 'साधं, सुंदर जगणं' असे काही लिहिलेही असेल. त्यानंतर पाहुणेघरी जाऊन ज्या नळाखाली आपण पाय धुतलेत, त्याची पितळी तोटी नीट पाहिली असतीत, तर खाचेत अजून थोडे कुंकू दिसले असते.

पुढच्या खेपेस पाय धुऊन झाल्यावर ती तोटी घट्ट बंद करावी, एवढीच विनंती. वाचनाची तसदी घेतल्याबद्दल ऋणी आहे.

आपला नम्र,
सीताराम
(राखणदार, पाहुणेघर)