धाकटीचे बूट, आभाळातून

मी एका सर्वेक्षण कंपनीच्या स्टोअरची प्रमुख आहे. जिथे मोबाईलला रेंज नाही अशा डोंगरदऱ्यांत मोजणीला जाणाऱ्या तुकड्यांना तंबूपासून टाचणीपर्यंत सगळं माझ्या सहीने मिळतं. त्या सामानात एक पेटी असते. लॅपटॉपएवढी, चपटी, राखाडी. तिचं तोंड आभाळाकडे करायचं, वायरने कॉम्प्युटरला जोडायची, की थेट उपग्रहावरून इंटरनेट! अशा पेट्या मी इतक्यांना दिल्यात, परत घेतल्यात, पुसून कपाटात ठेवल्यात, की नात्यातल्या निम्म्या माणसांपेक्षा माझी त्यांच्याशी जास्त ओळख आहे. म्हणून नणंदेच्या लग्नाचा प्रश्न आला तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "काळजी कसली करताय? पेटी मी आणते. दहा मिनिटांचं काम आहे."

त्या पेटीचं बटण मी स्वतः कधीच दाबलेलं नाही, एवढं तेवढं सांगायचं राहिलं. रोज घोड्याला खरारा करणाऱ्याला आपण घोडेस्वार आहोत असं वाटावं, त्यातली गत.

आधी घरची मंडळी सांगते. माझे सासरे बूट बनवतात. हाताने, एकेक जोड. दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात त्यांचं घर आहे आणि पुढच्या खोलीतच कातड्याच्या वासाचं दुकान. बोलणं अगदी कमी. आनंद झाला तर "बरं" म्हणतात, राग आला तरी "बरं"च. दोन्हींतला फरक ओळखायला मला लग्नानंतर दोन-तीन वर्षं लागली. नणंद, म्हणजे घरातली धाकटी, समुद्रापलीकडच्या एका शहरात नर्स आहे. तिथल्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढणाऱ्या एकाशी लग्न ठरवल्याचं तिने फोनवर कळवलं. विचारलं नाही, कळवलं. बाबा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. हे दुसऱ्या जातीचं "बरं" होतं.

त्यानंतर जावयाचा उल्लेख "तो माणूस" असाच व्हायचा. "दिवसभर लोकांची हाडं बघतो म्हणे," ते एकदा सासूबाईंना म्हणाले. "माणसं कधी बघतो?" पण त्याच आठवड्यात त्यांनी सगळी गिऱ्हाइकं बाजूला ठेवून एक नवा जोड शिवायला घेतला. बदामी रंगाचा, कमी टाचेचा, बंदावर बारीक पानांची नक्षी. कुणासाठी ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. जोड पार्सलने गेला.

सासू-सासरे दोघं लग्नाला जाणारही होते. पण बाबा माळ्यावरून काही काढताना शिडीवरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. मग वादळ झालं, टेलिफोनचा खांब आडवा झाला आणि खांबवाले रोज "उद्या येतो" म्हणू लागले. मोबाईलची रेंज टेकडीच्या माथ्यावर. प्लास्टरवाल्याला तिथे न्यायचं कसं? अशा वेळी मी पेटीचा विषय काढल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मला त्या घरात आधी कधी मिळाली नव्हती. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

लग्न नोंदणी कार्यालयात होणार होतं. त्यांच्याकडे सकाळ, आपल्याकडे दुपार. आम्ही पोचलो तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी गुळगुळीत करून अंगणात खुर्चीवर बसलेले. एका पायात चकाकणारा काळा बूट, दुसऱ्यात प्लास्टर.

"बाबा, तयार झालात?" मी विचारलं.

"मला लग्न-बिग्न बघायचं नाही," ते म्हणाले. "बूट कसे बसलेत ते बघायचंय. तिला चालून दाखव म्हणावं."

मी पेटी दुकानाच्या पत्र्यावर ठेवली, उंच जागा म्हणून. बटण दाबलं. पेटीने जरा विचार केला आणि कुठल्या दिशेला किती वळवायची ते छोट्या पडद्यावर दाखवलं. होकायंत्र पेटीतच होतं. मी शिडीवर, नवरा खाली शिडी धरून.

"उत्तर सापडली," मी वरून सांगितलं. "ती बघ, विहिरीच्या बाजूला."

नवऱ्याने विहिरीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "मग आज सूर्य उत्तरेला मावळायला निघालाय," तो शांतपणे म्हणाला.

पत्रा लोखंडी होता. होकायंत्र बिचारं त्या लोखंडाच्या प्रेमात पडलं होतं. पेटी खाली आणली, अंगणाच्या मध्ये एका लाकडी स्टुलावर ठेवली. आता दिशा जमली. पेटी टुक... टुक... असा आवाज करू लागली. उपग्रह जवळ आला की टुकटुक वाढते, हे तुकड्यांतले जुने लोक नव्या मुलांना सांगताना मी ऐकलं होतं. मी ती केसभर वळवली. टुक-टुक-टुक. अजून केसभर. मग सलग एकच सूर लागला! मी "मिळाला" म्हणाले आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं. छत्तीस हजार किलोमीटरवरचं काहीतरी मी स्टुलावरून पकडलं होतं.

कॉम्प्युटर नवऱ्याचा. तो आणायला आम्ही दोघं आत गेलो, टेबल बाहेर आणलं, पेटीची लांब वायर कॉम्प्युटरला जोडली. उपग्रह गायब.

वायर काढून पुन्हा घातली, कॉम्प्युटरची बटणं पुन्हा दाबली. काही नाही. मग लक्षात आलं की पेटी दिसतच नाहीये. स्टुलावर पालथं घमेलं होतं.

"आई, हे घमेलं?"

"मीच ठेवलं," सासूबाई म्हणाल्या. "हात लावून पाहिलं तर केवढं तापलं होतं गं ते. उन्हात असं उघडं ठेवतात का? एवढ्या लांबचं बघायचं म्हणजे त्यालाही त्रास होतच असेल ना."

मी घमेलं उचललं आणि म्हटलं, "आई, त्याला आभाळ दिसावं लागतं." त्यांनी मान डोलावली आणि खुर्ची घेऊन पेटीच्या शेजारीच बसल्या, सावली पडणार नाही अशा बेताने. कोणी आजारी असलं की उशाशी बसतात तशा.

टुकटुक पुन्हा वाढली, सूर पुन्हा लागला, आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात जोडणी झाल्याची खूण आली. आता फक्त धाकटीला कॉल लावायचा. मी बोटं उचलली, तोच पडदा निळा झाला. 'अपडेट सुरू आहेत. कॉम्प्युटर बंद करू नका. तीन टक्के.'

"हे काय?" मी नवऱ्याकडे वळले.

"ते वर्षभर विचारत होतं," तो म्हणाला. "मी म्हणायचो, नंतर."

माझा नवरा फार चांगला माणूस आहे. पण गळका नळ, दाताची कीड, विम्याचा हप्ता, सगळ्याला त्याचं एकच उत्तर: नंतर बघू. वर्षभराचे सगळे 'नंतर' त्या यंत्राने पोटात साठवून ठेवले होते आणि उपग्रह दिसताच तहानलेल्या बैलासारखं तोंड घातलं होतं. मी वायर उपटली. पडदा निळाच. 'कॉम्प्युटर बंद करू नका,' तो पुन्हा म्हणाला. तसल्या आवाजात मला माझी आईसुद्धा बोलत नाही.

"किती वेळ लागेल?" बाबांनी विचारलं.

पडद्यावर अजून तीन टक्केच होते.

"बरं," ते म्हणाले, आणि मान खाली घालून आपल्या त्या एका चकाकणाऱ्या बुटाकडे बघत बसले. हे "बरं" मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ते ना आनंदाचं होतं ना रागाचं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

काहीतरी करायचं म्हणून मी पेटीची बॅग उलटी केली. जादा बॅटरी, जादा वायर, आणि एक साधा, वायरचा टेलिफोन. हा टेलिफोन बॅगेत आहे की नाही हे मी दर वेळी तपासायची. तो कशाला असतो हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं! पेटीच्या कडेला त्याच्या मापाचं भोक होतं. वायर खुपसली, फोन कानाला लावला आणि आतून डायल टोन आला.

धाकटीचा नंबर सासूबाईंना तोंडपाठ होता. रिंग गेली.

"वहिनी! अगं कुठे आहात? आम्ही सगळे कधीपासून कॅमेऱ्यासमोर बसलोय. इथले साहेब सारखे घड्याळ बघतायत."

"चित्र येणार नाही गं," मी म्हटलं. "नुसता आवाज. बाबांना देते."

आता या दोघांची पंचाईत सांगते. बापलेक कधी एकमेकांचं पुरतं ऐकून घेत नाहीत. एकाने वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने ते मोडायचं, हा जन्माचा खेळ. पण उपग्रहावरून शब्द जायला-यायला वेळ लागतो. बाबा "कशी आहेस" म्हणाले, उत्तर येईना, म्हणून "ऐकू येतंय का" म्हणाले, तेवढ्यात तिचं "बरी आहे, तुमचा पाय" आलं, मग दोघं एकदम बोलले, दोघं एकदम थांबले. दोन-तीनदा अशी टक्कर झाल्यावर दोघांनाही कळलं की समोरच्याचं संपेपर्यंत गप्प बसल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग ते गप्प बसले आणि ती बोलली. न सांगता ठरवलं याचं वाईट वाटलं असेल ना, म्हणाली. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली, म्हणाली. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मला पुढे जाता आलं नसतं, म्हणून विचारलंच नाही, म्हणाली. त्या फोनचा आवाज इतका खणखणीत की अंगणभर ऐकू येत होतं. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला. नवऱ्याला एकदम विहिरीत डोकावून बघावंसं वाटलं.

"झालं बोलून?" बाबांनी विचारलं. मग थांबले, तिचं "हो" येईपर्यंत. "नाही म्हणालो नसतो," ते म्हणाले. "जरा वेळ लागला असता."

सह्या झाल्या. आम्हाला कागदाची सळसळ आणि टाळ्या ऐकू आल्या. सासूबाईंनीही इथून टाळ्या वाजवल्या.

"आता बूट," बाबा म्हणाले. "फोन जमिनीजवळ धर आणि चाल."

पलीकडे जरा खुडबुड झाली. बाबांनी डोळे मिटले. टक्, टक्, टक्, टक्. लाकडी जमिनीवर ठाम पावलं. "बसलेत," ते हळूच आम्हाला म्हणाले. "अगदी पायाला बसलेत. पाऊल कसं निश्चिंत पडतंय बघा." नवरा नाक पुसू लागला. मीही पुसलं.

मग आभाळातून धाकटीचा आवाज आला, "बाबा, थांबा, मी अजून निघालेच नाही. ते साहेब होते. शिक्का आणायला गेले."

आम्ही तिघं कुठेतरी बघू लागलो. बाबांनी डोळे उघडले, घसा खाकरला. "तरीच म्हटलं," ते म्हणाले, "एवढी जाड कशी झाली."

मग ती चालली. हलकी पावलं, मध्येच एक थांबलेलं, बहुतेक वळताना. या वेळी बाबा फक्त म्हणाले, "परत चाल." ती परत चालली. "परत." पलीकडे पुढच्या लग्नाची मंडळी दारात खोळंबली होती म्हणे, पण ती चालत राहिली, आणि बाबा कानाला फोन दाबून ऐकत राहिले.

"डावा टोचतोय का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. काही टोचत नाही." मग ती म्हणाली, "फोन यानेच धरलाय खाली. मघापासून गुडघ्यांवर माझ्यामागून सरकतोय. नव्या पँटचं पार वाटोळं केलंय."

बाबांनी फोन कानापासून थोडा दूर केला आणि त्याच्याकडे पाहिलं, जणू आतला माणूस दिसेल. "त्याला दे," ते म्हणाले.

पलीकडून दमलेला, घाबरलेला आवाज आला, "बाबा, नमस्कार."

"पायाला किती नंबर लागतो?"

शब्द वर गेला, खाली गेला, उत्तर वर गेलं, खाली आलं. "बारा, बाबा."

बाबांनी फोन मांडीवर आडवा ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, "बारा नंबर. माणूस आहे की होडी? एवढं कातडं आणायचं कुठून?" पण बोलता बोलता त्यांची नजर दुकानाच्या आत गेली होती, कातड्यांच्या गुंडाळ्यांवरून फिरत होती.

फोनवर हात ठेवायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो, आता काय होणार म्हणून. क्षणभर नुसती खरखर. मग त्यांच्या मांडीवरून, आभाळाला वळसा घालून, मोठ्याने हसण्याचा आवाज आला. एकट्याचा नाही, दोघांचा.

बाबांनी फोन पुन्हा कानाला लावला. "हसतो मोकळा," ते आम्हाला म्हणाले, आणि खिशातून मोजपट्टी काढून मला कागद मागितला.