श्यामकांत सरांचा सर्वानुमते सत्कार

आइंडहोवनच्या डॉमेल बास्केटबॉल क्लबचे मुख्य प्रशिक्षक श्री. श्यामकांत देवस्थळी यांची नोकरी धोक्यात असल्याचं आमच्या मराठी मंडळाच्या निदर्शनास आलं, तेव्हा कार्यकारिणीने या प्रश्नात जातीने लक्ष घालायचं ठरवलं. माणसाच्या वाईट दिवसांची सुरुवात बहुधा अशीच होते. पण मी मंडळाचा चिटणीस असल्यामुळे हे वाक्य इतिवृत्तात घेतलेलं नाही.

आधी सर कोण ते सांगतो. पुण्यातल्या एका कॉलेजात ते वीसेक वर्षं क्रीडा विभागात होते. कॉलेजचा बास्केटबॉल संघ त्यांच्या ताब्यात. संघ जिंकला की प्राचार्यांचा फोटो पेपरात यायचा, हरला की मैदान ओलं असल्याचा अहवाल वर जायचा, आणि दोन्ही वेळी सरांची वेतनवाढ बिनबोभाट व्हायची. कॉलेजातली नोकरी ती. ती जायला एकतर माणूस जावा लागतो किंवा कॉलेज. असली सोन्यासारखी नोकरी सोडून सर नेदरलँड्सला आले, कारण त्यांच्या पत्नी शुभदाताईंना एनस्खेडेच्या तांत्रिक विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं. सर आले ते डिपेंडंट म्हणून. मंडळाच्या कार्यक्रमात त्यांची ओळख ‘शुभदाचे मिस्टर’ अशी करून दिली जायची. सर हसून नमस्कार करायचे आणि जाऊन पातेली उचलायला लागायचे.

मग त्यांनी विद्यापीठातल्या पोरांना संध्याकाळी फुकट शिकवायला सुरुवात केली. पोरं जिंकायला लागली. त्याची कुणकुण डॉमेल क्लबला लागली आणि त्यांनी सरांना चक्क पगारावर बोलावलं. बिऱ्हाड आइंडहोवनला आलं, शुभदाताईंनी इथे चिपची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत काम धरलं. त्या वर्षी गुढीपाडव्याला कुणीतरी शुभदाताईंची ओळख ‘कोच देवस्थळींच्या मिसेस’ अशी करून दिली. सरांनी त्या दिवशी श्रीखंड मागून घेतलं.

आणि हिवाळ्यात संघ ओळीने हरायला लागला. तेव्हा क्लबने जाहीर निवेदन काढलं, ‘मुख्य प्रशिक्षकांवर व्यवस्थापनाचा पूर्ण विश्वास आहे.’ मी सरांचं अभिनंदन करायला घरी गेलो, तर सरांचा चेहरा एवढासा झालेला.

“राजनराव, कॉलेजात वीस वर्षांत एकाही प्राचार्याने माझ्यावर विश्वास व्यक्त केला नाही, म्हणून तर टिकलो,” सर म्हणाले. “या धंद्यात पूर्ण विश्वास म्हणजे डॉक्टरने ‘आता त्यांना काय आवडेल ते खाऊ द्या’ म्हणण्यासारखं आहे.”

तरी एक आशा होती. हा देश नेदरलँड्स होता. इथे कुणालाही काढायचं झालं तर आधी सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं, आणि सगळ्यांचं म्हणजे खरोखरच सगळ्यांचं. क्लबचे संचालक मार्टाइन यांनी बैठक बोलावली. तिला खेळाडू आले, फिजिओथेरपिस्ट आला, प्रायोजक बेकरीवाला आला, कँटीनच्या बाई आल्या आणि चेंडूच्या आवाजाचा त्रास होणाऱ्या शेजाऱ्यांचा एक प्रतिनिधीही आला. बेकरीवाला म्हणाला, काढा. कप्तान म्हणाला, काढा, पण त्यांना वाईट वाटता कामा नये. कँटीनच्या बाई म्हणाल्या, हा माणूस स्वतःचा कप विसळून ठेवतो, याला काढलंत तर मी कॉफी बंद करीन. शेजाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणाला, या प्रशिक्षकांमुळे यंदा विजयाचा जल्लोष साफ थांबला आहे, मोहल्ल्याला शांत झोप लागते, तेव्हा यांना तहहयात ठेवा. एकमत झालं नाही. म्हणून पुढच्या बैठकीत काय बोलायचं हे ठरवण्यासाठी एक बैठक ठरली.

“हे बघा राजन, तुम्ही कुणीही काहीही करू नका,” शुभदाताई मला हात जोडून म्हणाल्या. “मी इथल्या ऑफिसांत इतकी वर्षं काढली आहेत. मीटिंग चालू आहे तोवर इथे कुणाच्या केसाला धक्का लागत नाही. सीझन संपेपर्यंत हे असेच बसतील. मंडळाने फक्त गप्प राहायचं. एवढं करा.”

आता गप्प राहणं ही गोष्ट आमच्या मंडळाच्या घटनेत बसत नाही.

अध्यक्ष रवींद्रराव यांच्या घरी मिसळीवर तातडीची सभा भरली. मोर्चा काढावा, अशी पहिली सूचना आली. पण त्याला खेमेंटेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी लागते, आणि बाहेर वारा होता. सह्यांचं निवेदन द्यावं, अशी दुसरी सूचना आली. तिला सगळ्यांनी जोरदार पाठिंबा दिला. मात्र प्रत्येकाचा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज आत असल्यामुळे पहिली सही कुणी करायची, यावर चर्चा संपली. मग संहिता म्हणून एक नवीन सभासद आहे, ती भाबडेपणाने म्हणाली, “आपण सगळे मिळून एखाद्या मॅचला जाऊ या का? क्लबला दिसेल तरी, की सरांच्या मागे माणसं आहेत.”

सगळ्यांनी मोबाइलमधली कॅलेंडरं उघडली. कुणाच्या मुलांचा पोहण्याचा क्लास होता, कुणाच्या आईवडिलांचा व्हिडिओ कॉल. मला स्वतःला त्या खेळातलं काही कळत नाही. तो विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात टाकला, आणि मिसळीवर दुसरा पाव आल्यामुळे ती वेळ आलीच नाही.

शेवटी रवींद्ररावांनीच तोडगा काढला. “जाहीर सत्कार करू! शाल अंगावर पडलेल्या माणसाला नोकरीवरून काढल्याचं एक उदाहरण महाराष्ट्रातून दाखवा.”

कुणालाही दाखवता आलं नाही. क्लबच्या समस्त मंडळींना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं ठरलं. रवींद्ररावांना संचालकांच्या शेजारी बसायचं होतं, मला सूत्रसंचालन करायचं होतं, डबे करून देणाऱ्या आमच्या सभासद सुरुचीला केटरिंगच्या ऑर्डरी हव्या होत्या. आणि अर्थात, सरांची नोकरीही वाचवायची होती.

शुभदाताई डोक्याला हात लावून बसल्या. “अहो, इथे माणसाला फुलं आणि भाषणं तो निघाला की देतात!”

पण आता उशीर झाला होता. हॉल ठरला होता, आणि अळूवड्यांसाठी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या सुरिनामी दुकानातून पानंसुद्धा येऊन पडली होती. पानं आल्यावर कार्यक्रम रद्द करता येत नाही.

शनिवारी दुपारी सत्कार झाला. मार्टाइन आणि मंडळी पत्रिकेवरच्या वेळेला आल्यामुळे बराच वेळ एकटीच बसून होती. भाषणं मराठीत असल्याने पाहुण्यांसाठी मी पहिल्या रांगेत बसून इंग्रजीत भाषांतर करत होतो. त्या बाबतीत माझा हात धरणारा या शहरात दुसरा कुणी नाही.

रवींद्रराव माइकसमोर गेले. “सरांनी बास्केटबॉलसाठी आपलं आयुष्य वेचलं. असा माणूस पुन्हा होणे नाही!” मी शब्दन्‌शब्द सांगितला. मार्टाइन यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सरांच्या लहानपणापासूनचे फोटो पडद्यावर दाखवले, मागे बासरी लावून. कँटीनच्या बाईंनी रुमाल काढला. मानपत्राच्या शेवटी ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ होतं, तेव्हा मार्टाइन यांनी हळूच विचारलं, “पुढे ते कुठे जाणार आहेत?”

“ते ईश्वराच्या हातात आहे,” मी म्हणालो.

शाल झाली, श्रीफळ झालं आणि सर उत्तराला उभे राहिले. सत्काराला उत्तर कसं द्यायचं हे काय पुण्याच्या माणसाला शिकवावं लागतं? सर म्हणाले, “खरं म्हणजे मी या सत्काराला मुळीच पात्र नाही. मी एक सामान्य माणूस. माझं कर्तृत्व ते काय? जे झालं ते पोरांनी केलं, मी नुसता निमित्तमात्र. माझ्याहून कितीतरी लायक माणसं या क्षेत्रात आहेत. या खुर्चीवर खरं तर त्यांनी बसायला हवं.”

हे असं म्हणायचं असतं. ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. जो म्हणत नाही त्याला आपण आगाऊ समजतो. पण मी भाषांतरकार. मी एक शब्दही गाळला नाही.

मार्टाइन उठले. त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी माइक मागून घेतला आणि इंग्रजीत म्हणाले, “इतक्या बैठका घेऊन जे आम्हाला एकमेकांशी बोलता आलं नाही, ते आज प्रशिक्षकांनी स्वतः सांगितलं. ही खुर्ची अधिक लायक माणसाला द्यावी, असं ते म्हणतात. आमच्या देशात अशा स्पष्टपणाला फार मान आहे. कुणाचा विरोध?”

बेकरीवाल्याने नकारार्थी मान हलवली. कप्तानाने हलवली. शेजाऱ्यांच्या प्रतिनिधीने हताशपणे खांदे उडवले. कँटीनच्या बाई हुंदका देऊन म्हणाल्या, “त्यांचीच इच्छा असेल तर मी कोण?” एकमत झालं. आणि आमच्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणा बोलायचा थांबला की आपल्याकडे टाळ्या वाजवतात, तो काय बोलला हा नंतरचा विषय.

सरांच्या लक्षात आलं. ते घाईघाईने माइककडे धावले. “नाही, नाही! मी चांगला प्रशिक्षक आहे! मला हे काम उत्तम येतं! मला राहायचं आहे!” गडबडीत सर मराठीतच बोलले, आणि मी टाळ्या वाजवत असल्यामुळे तेवढं भाषांतर राहून गेलं.

सभागृहात कुजबुज उठली. मागून कुणीतरी “काय बाई हा मोठेपणा!” म्हणालं. रवींद्ररावांनी सरांची शाल मागून ओढली. “सर, सर, शोभत नाही. सत्कारमूर्तीने आपल्याच तोंडाने असं बोलू नये.”

वीस वर्षं कॉलेजात काढलेला माणूस तो. अध्यक्षांनी खाली बसा म्हटलं, की बसायची सवय. सर बसले.

अळूवड्या चांगल्या झाल्या होत्या. पानं वाया गेली नाहीत. खाणं झाल्यावर मी बाहेर आलो, तर सायकलींच्या रांगेपाशी सर उभे होते, शाल अजून अंगावरच. शुभदाताई नारळ हातात धरून रोखून बघत होत्या. कुणाकडे बघत होत्या ते मला कळलं, म्हणून मी तिकडे पाहिलं नाही.

“मला हे काम फार आवडायचं हो, राजनराव,” सर म्हणाले. “पन्नाशीत पहिल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटत होतं.”

मी त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली. तेवढ्यात मार्टाइन सायकल काढायला आले. त्यांनी सरांना कडकडून मिठी मारली आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “गंमत बघा, मी आज वेगळंच सांगायला आलो होतो. कालच्या नंतर आम्ही तो विषयच बंद केला होता. त्यांना आणखी तीन वर्षं ठेवणार होतो. पण त्यांनाच जायचं आहे, तर आपण आडवं का यावं?”

“काल? काल काय झालं?” मी विचारलं.

मार्टाइन माझ्याकडे बघतच राहिले. “काल आम्ही जिंकलो. पहिल्या क्रमांकाच्या संघाला हरवलं. तुम्ही आज हे सगळं त्यासाठीच ठेवलं होतं ना?”

मी हो म्हणालो. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

तर असं आहे. आता तुम्ही आम्हाला नावं ठेवाल. ठेवा, मंडळाला सवय आहे. पण एक विचारतो. मी मघापासून मोर्चा सांगितला, मिसळ सांगितली, अळूवड्या सांगितल्या, आणि तुम्ही सरांसाठी हळहळत इथवर आलात. या सगळ्या गडबडीत त्या संघाचे सामनेही चालूच असतील, त्यांचं काय झालं बुवा, असं एकदा तरी तुमच्या मनात आलं? नाही ना? अहो, मग बाहेर का उभे? या आत. सभासदत्व चालू आहे.