अप्पांची आटोपशीर फुलं

घाटनांदुरात फुलझाडं मीटरपट्टीनं मोजणारा एकच माणूस होता. आमचे शेजारी, कापडवाले काशिनाथअप्पा. दुकान उघडायच्या आधी कापड मोजायची लोखंडी पट्टी घेऊन ते अंगणातल्या वाफ्यापाशी उकिडवे बसत आणि लाल फुलांचं एकेक रोप बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मोजत.

त्यांच्या बायकोला, अक्कांना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झालेला. वाफ्याला लागूनच ओसरीत त्यांची बाज. मानेखालचं अंग हलत नसे, जीभ मात्र धडधाकट. "फुलायला झंपर शिवता काय?" त्या तिथूनच विचारायच्या.

परदेशी मालाला बाजार नुकता खुला झाला होता. लोकांचे पुतणे पुण्याहून रंगीत टीव्ही आणायचे. अप्पांच्या पुतण्यानं परदेशी बियांचं पाकीट आणलं. फूल मोठं ऐटबाज. मधे काटेरी बोंड, भोवती लालभडक पाकळ्या.

"लालच पाहिजे तर जास्वंद लावा की," मी एकदा म्हटलं.

"जास्वंद लई उंच जाती, बाई. हे कसं, आटोपशीर हाय."

आटोपशीर हा त्यांचा लाडका शब्द. लग्न, भाषण, गिऱ्हाईक, सगळं आटोपशीर असलेलं बरं.

एका कोरड्या पावसाळ्यात अक्कांच्या उपचारासाठी दोघं महिनाभर लातूरला गेले. झाडं माझ्यावर सोपवताना अप्पांनी बजावलं, "पानी दोन दिवसाआड. दुसरं काय बी करू नका."

मी शाळेतली बाई. लगेच यादी करून कपाटाच्या दाराला चिकटवली. पाणी, तण, वाळकी फुलं खुडणे. शेवटी माझ्या अकलेनं एक काम वाढवलं : युरिया.

रोपं अशी फोफावली, की मी खूश.

अप्पा परतले. अक्कांना बाजेवर निजवून पट्टी घेऊन वाफ्यात उतरले. पहिलंच रोप मोजलं, पट्टी बुंध्याशी नीट टेकवून पुन्हा मोजलं.

"बाई, कावून वाढवली हो?"

तेवढ्यात अक्कांनी मान वळवली. "अवो, माजी फुलं कुठं गेली?"

मी त्यांची उशी सारखी करायला वाकले आणि त्यांच्या नजरेच्या उंचीवरून बाहेर पाहिलं. नुसते देठ आणि पानं. फुलं सगळी वर, वीतभर वर. इतके दिवस अप्पा काय मोजत होते ते मला तेव्हा कळलं.

"छाटू या का?" मी चाचरत विचारलं.

"कळ्या जातील की," अप्पा म्हणाले.

झाडं खाली येणार नव्हती. मी घरी गेले आणि न्हाणीमागच्या दहा विटा आणल्या. एकेक बाजू उचलून आम्ही बाजेच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा सरकवल्या. अप्पांनी प्रत्येक पायाशी पट्टी लावून पाहिली.

"आता मलाबी मोजा," अक्का म्हणाल्या.

अप्पा हसले नाहीत. पट्टी भिंतीला टेकवून ते बाजेशी गुडघ्यांवर बसले आणि अक्कांच्या उशीवर, त्यांच्या गालाशी गाल लावून, बाहेर बघू लागले. मी तिथंच उभी आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

"दिसतंय?"

"हं. समदं दिसतंय."

"आटोपशीर हाय," अप्पा हळूच म्हणाले.

उरलेल्या दोन विटा उचलून मी घरी आले.