बिघडलेला कोपरा

हवेली बघायला जायचे ठरले तशी गवंड्याने आदल्या दिवशी दाढी केली आणि निघायच्या सकाळी, वाढलेली नसतानाही, पुन्हा केली. हात थरथरत असल्यामुळे हनुवटीवर दोन ठिकाणी कापले. बायकोने त्यावर कागदाचे कपटे चिकटवले आणि म्हणाली, "लग्नालासुद्धा एवढे नटला नव्हता तुम्ही."

"लग्नात छत कुठं होतं बघण्यासारखं?" गवंडी म्हणाला.

त्या छताबद्दल घरात तीस वर्षे बोलणे चालले होते. हवेलीच्या मोठ्या दालनाचे छत एकदा पाणी मुरून खाली आले होते. ते सगळे, फुले, पाने, वेली, पुन्हा चुन्यात उभे करणाऱ्या तिघांत गवंडी सर्वांत धाकटा होता. बाकीचे दोघे, म्हणजे त्याचा वस्ताद आणि वस्तादाचा भाऊ, केव्हाच गेले. मुलगी लहानपणी जेवायला कुरकुर करू लागली, की तिला एक घास फुलाचा आणि एक घास पानाचा भरवला जाई. जावई शाळेत भूगोल शिकवायचा. पहिल्याच भेटीत त्याला दीड तास छत ऐकावे लागले होते, तरी त्याने लग्न केले. बघितले मात्र कुणीच नव्हते, कारण हवेली खासगी होती. ती लोकांसाठी खुली झाली ती या वर्षी, आणि याच वर्षी डॉक्टरांनी गवंड्याला थापी हातात घ्यायला बंदी केली. तेव्हापासून तो खिडकीत बसून समोरच्या इमारतीचा गिलावा कुठे कुठे फुगलाय ते बघत असे.

"बाबा फार मिटून गेलेत," मुलगी म्हणाली. "त्यांना त्यांचं छत दाखवून आणू."

दिवस मळभाचा निघाला. हवेलीपुढच्या बागेतले कारंजे बंद होते आणि त्यात ओली पाने कुजत होती. गुलाबांची नुकतीच छाटणी झालेली. काळ्या मातीत नुसते काटेरी खुंट उभे होते आणि प्रत्येक खुंटासमोर लांबलचक नावाची पाटी होती.

"फुलं दोन महिन्यांनी, असं लिहिलंय," जावई वाचून म्हणाला.

"पाट्या तरी छान आल्यात," बायको म्हणाली.

गवंडी कुठेही न थांबता पुढे चालला होता. त्याला इतके भराभर चालताना घरच्यांनी वर्षभरात पाहिले नव्हते.

दालनात पंधरा-वीस माणसे जमली होती. माहिती सांगणारी बाई चटपटीत होती आणि तिच्या हातात लांब काठी होती. तिने काठी वर केली आणि सगळ्यांनी माना वर केल्या. वर पांढरे छत होते, दुधासारखे स्वच्छ, एका फुलाला दुसरे जोडलेले, वेल कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळू नये असे. मुलीने वडिलांचा हात धरला.

"हे छत दोनशे वर्षांपूर्वीचं आहे आणि जसंच्या तसं आहे," बाई म्हणाली. "असं काम आज जगात कुणाच्या हातून होणार नाही. एक खिडकीवरचा कोपरा तेवढा सोडा." काठी तिकडे वळली. "तिथं तीस वर्षांपूर्वी कुणा गवंड्यानं दुरुस्ती केली. पाकळ्या बघा, एक जाड, एक बारीक. पानं एका अंगाला कललीत. फरक लगेच कळतो."

लोक हसले. घरच्यांनी आधी कोपऱ्याकडे पाहिले आणि मग, नको नको म्हणत, गवंड्याकडे.

"उलटं आहे," गवंडी म्हणाला. पण तोवर बाई पुढच्या झुंबराकडे गेली होती.

"बाबा, होतं असं," मुलगी हळूच म्हणाली. "तेव्हा तुम्ही शिकतच होता की."

"अगं, तो कोपराच जुना आहे. तेवढाच राहिला होता. बाकी सगळं आमचं. मालकाला हवेली जुनी म्हणून विकायची होती, म्हणून त्यानं कागदावर फक्त कोपऱ्याची दुरुस्ती लिहिली."

"हो, बरोबर आहे," जावई म्हणाला. नापास होणाऱ्या मुलाच्या पालकांशी बोलताना तो याच आवाजात बोलत असे.

बायकोने फक्त त्याच्या हनुवटीवरचे कपटे काढून घेतले, आणि ते गवंड्याला सगळ्यात जास्त लागले.

तीस वर्षांपूर्वी दुपारची सुट्टी झाली, की ते तिघे फरशीवर उताणे पडून त्या कोपऱ्याकडे बघत राहत. वस्ताद म्हणे, "हा पहिल्या कारागिराचा हात. म्हातारा झाला असणार तोवर, हात कापत असणार. तरी पाकळी बघ, वाऱ्यावर असल्यासारखी. आपल्याला सरळ जमेल, हे नाही जमायचं. याला हात लावायचा नाही." आताही उभ्याने मान वर करून तो कोपरा नीट दिसत नव्हता. म्हणून गवंडी खिडकीखाली गेला, आधी बसला आणि मग सावकाश आडवा झाला.

"अहो, ते काका पडले," कुणीतरी म्हणाले.

पुढचे सगळे फार लवकर झाले. एका बाईने त्याच्या डोक्याखाली पर्स सारली. एकाने शर्टाची वरची बटणे काढली. पहारेकरी चाकांची खुर्ची आणायला धावला.

"मला काही झालं नाही," गवंडी म्हणाला. "मी फुलं बघतोय."

"त्यांना फुलं दिसताहेत," पर्सवाली बाई मागच्यांना म्हणाली आणि गर्दी एक पाऊल मागे सरली.

"काका, किती फुलं दिसतात?" बटणे काढणाऱ्याने विचारले.

"इथून एकशे चाळीस. त्यातली नऊ जुनी."

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. आता बायकोला रडू आवरेना. "तो कोपरा यांनीच बिघडवलाय हो," ती माहिती सांगणाऱ्या बाईला म्हणाली. "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, ते मनाला लागलं त्यांच्या."

खुर्ची आली. गवंड्याने चालत जायची तयारी दाखवली, पण खुर्ची आणल्यावर माणसाला चालू द्यायचे नाही असा तिथला नियम होता. त्याला बागेतून, गुलाबांच्या खुंटांमधून ढकलत व्यवस्थापकाच्या खोलीत नेले. घरचे मागून चालत होते.

व्यवस्थापक पाण्याचा ग्लास घेऊन उभाच होता. सगळी हकिगत आधीच त्याच्या कानावर गेली होती.

"तुम्हीच का ते? बरं झालं आलात. पुढच्या आठवड्यात तो कोपरा पाडतोय आपण. बाहेरून कारागीर येताहेत, बाकीच्या छताचे साचे काढून अगदी तसंच करणार. तुम्ही तेव्हा आत काय भरलंत, तेवढं सांगा."

बाकीच्या छतासारखे करायचे, हे ऐकून गवंड्याला क्षणभर बरे वाटले. आपल्या हातचे साचे काढणार. मग पाडायचे काय आहे ते त्याच्या लक्षात आले.

"साहेब, तेवढाच खरा आहे," तो म्हणाला. "बाकीचं आम्ही केलंय. मी, माझे वस्ताद आणि त्यांचा भाऊ."

व्यवस्थापकाने मुलीकडे पाहिले. मुलीने नजर खाली घातली.

"तज्ज्ञ येऊन बघून गेलेत, आजोबा. पुस्तक छापलंय त्यावर. तुम्ही पाणी घ्या."

गवंड्याने पाणी घेतले. ग्लास दोन्ही हातांनी धरला तरी थोडे पाणी मांडीवर सांडले. आपले कुणी ऐकणार नाही, हे त्याला कळले होते. आयुष्यभर त्याने भिंतींकडे तोंड करून काम केले होते, माणसांशी बोलायचे त्याला कधी फारसे जमले नव्हते. त्याने रिकामा ग्लास टेबलावर ठेवला.

"पाडू नका," तो शेवटी म्हणाला. "मी फार वाईट काम केलंय तिथं."

"म्हणूनच पाडायचं ना?"

"तसं नाही. आत मी आधार ठेवला नाही. घाईत होतो. जुन्या छताची वेल फोडून तिच्यातच माझं काम अडकवलं. आता तो कोपरा काढलात, तर तो शेजारचं घेऊन येईल, शेजारचं पुढचं घेऊन येईल. सगळं छत फरशीवर येईल."

व्यवस्थापक खुर्चीत बसला.

"दोनशे वर्षांच्या छताला तुम्ही हे केलंत?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"तेव्हा नाही वाटली," गवंडी म्हणाला. "आता वाटते."

"हे लिहून द्याल?"

जावयाने लिहून काढले, कारण अक्षर त्याचे चांगले होते. गवंड्याने खाली सही केली. ती दोनदा करावी लागली, पहिली कागदाबाहेर गेली. साक्षीदार म्हणून मुलीने सही केली आणि पेन परत देताना तिने वडिलांकडे पाहिले नाही.

घरी परतताना बायकोने स्वतःची शाल त्याच्या गुडघ्यांवर घातली. "आता कुणाकडे छताचं काढू नका," ती म्हणाली.

"नाही काढत."

त्याने शब्द पाळला. घरात छताचे नाव निघेनासे झाले. जेवताना भांड्यांचा आवाज तेवढा येई.

दोन महिन्यांनी हवेलीकडून जावयाच्या पत्त्यावर पत्र आले. कोपऱ्याबद्दल येणारे लोक फार प्रश्न विचारतात, म्हणून खाली पाटी लावायची आहे, मजकुराला हरकत असल्यास कळवावे, असे त्यात होते. ते वाचून दाखवायचे सगळ्यांच्याच जिवावर येत होते. शेवटी गवंड्यानेच कागद मागून घेतला आणि खिडकीतल्या उजेडात धरला. 'हा कोपरा तीस वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत एका गवंड्याकडून बिघडला असून तो काढल्यास मूळ छतास धोका आहे. कुणीही, कोणत्याही कारणाने, यास हात लावू नये.'

त्याने ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या वाक्याखालून बोट फिरवले, आणि ते बोट, मुलीला वाटले, तेवढ्यापुरते अजिबात कापले नाही.

"कोणत्याही कारणाने, हे बरं घातलं," तो म्हणाला. "हरकत नाही म्हणून कळव."