हातनोलीचा शिदोजी कोणत्या सुभ्यात जन्मला, त्याची बखर

श्री. दप्तराची अधिष्ठात्री देवता, आणि तिच्या खालोखाल दप्तरात वसणारी वाळवी, या उभयतांस नमन करून लिहिले जाते ऐसे जे : शके सतराशे नऊ, प्लवंगनाम संवत्सरे, भाद्रपद शुद्ध तृतीयेपासोन एका राज्यात वर्तमान जाहले. श्रीमंत जयंतराज महाराज गादीवर विराजमान होते आणि त्यांनी राजधानीत वैद्यशाळा स्थापिली होती, आणि प्रवेशास कलम एकच केले होते की, ज्याचा पणजा या राज्यात जन्मला त्यानेच यावे. हातनोली गावची मंजुळा, कोष्ट्याची लेक, उमर वीस. गावात माणसे तापाने दगावतात आणि वैद्य दोन दिवसांच्या वाटेवर, हे तिने पाहिले होते, म्हणोन वैद्यकी शिकावी हा तिचा हेत. पौर्णिमेस शाळेचे दार बंद होणार आणि मग तीन वर्षे उघडणार नाही. तेव्हा पणजा शिदोजी याची जन्मनोंद मागावयास ती दप्तरखान्यात आली, आणि दप्तरदार त्रिमलपंत यांनी कागद काढिला, वाचिला आणि हसले. "पोरी, हा बनावट. शिदोजी जन्मला शके सोळाशे सव्वीस, मौजे हातनोली, सुभा जयंतनगर. जयंतनगर सुभा निर्मून सहा वर्षे जाहली. सुभाच नव्हता, तर तुझा पणजा त्यात जन्मला कैसा?" मंजुळेने कागद उजेडापुढे धरिला, तो सुभ्याच्या नावापाशी खरवडून पातळ जाहला होता. ऐसियास त्या दप्तराची चाल ऐसी की, मुलखाची वाटणी फिरली अथवा महाराजांनी नवे नाव ठेविले की, सारे जुने कागद चाकूने खरडावे आणि वर नवे नाव घालावे. यास दप्तरशुद्धी म्हणत, आणि जो अधिक खरडी तो अधिक निष्ठावंत, आणि त्रिमलपंतांस याच कामगिरीबद्दल शालजोडी मिळाली होती.

"खरडिले कोणी, पंत?"

"आम्हीच. हुकुमाने."

"मग बनावट कोण?"

"खरडणे हुकुमी, तुझ्या पणज्याचा जन्म बिनहुकमी. चल, रांग खोळंबली."

मंजुळा सांगितले ते मानण्यापूर्वी तपासून पाहणारी. तिने विचार केला की, गाव जागचे हालत नाही, हालते ती गावावरली सत्ता. तेव्हा शिदोजीच्या काळी हातनोली कोणाकडे होती हे आधी शोधावे. मग गावच्या वृद्ध कुळकर्ण्यांस पुसिले, आणि त्यांनी सांगितले की गाव तेव्हा कासेरी परगण्यात होते, मग तो परगणा मोडला आणि गाव पाटोळीकडे गेले, आणि मग जयंतनगराकडे. मग ती कासेरीस चालत गेली. तेथील जुने दप्तर देवळाच्या माळ्यावर पडून होते आणि कोणाच्या ध्यानी नसल्यामुळे शुद्ध होण्यापासोन बचावले होते. त्यात नोंद जशीच्या तशी मिळाली : शिदोजी, मौजे हातनोली, परगणा कासेरी. ती घेऊन ती पंतांपुढे उभी राहिली आणि पंत बोलिले, "कासेरी परगणा आज अस्तित्वात नाही. मोडलेल्या परगण्यात जन्म धरता येत नाही."

"मग माझ्या पणज्याने जन्मावे तरी कोठे?"

"ते आमच्या खात्याकडे नाही, बाई."

मग नवमीस मंजुळेने दरबारी अर्ज केला, "महाराज, दप्तरदारांची कसोटी बारीक आहे. ती एकवार थोरल्या घराण्यास लावून दाखवावी, म्हणजे आम्हां गरिबांचा संशय फिटेल." महाराजांची मर्जी खुश जाहली आणि आपल्याच पणजोबांचा कागद आणविला, आणि पंत मोठ्याने वाचू लागले, "जन्म शके सोळाशे अकरा, सुभा जयंत..." आणि तेथेच थांबले.

"थांबलात का, पंत? आमचे पणजोबा आमच्याच नावाच्या सुभ्यात जन्मले?"

"जी, महाराज."

"मग आमचा कागद कैसा ठरला?"

पंतांनी शालजोडीने घाम पुसला आणि बोलिले, "अतिशुद्ध ठरला, महाराज."

दरबारी मंडळी खोकू लागली. महाराजांस क्रोध आला आणि न खरडलेली नोंद धुंडून आणण्याचा हुकूम जाहला, आणि स्वार सुटले, आणि चतुर्दशीस शेजारच्या राजाच्या दप्तरातून नक्कल आली, कारण तेथे खरडण्याचा उत्साह नव्हता. शिक्का स्पष्ट, साक्षी दोन, आणि महाराजांच्या पणजोबांचे गाव त्या साली शेजारच्या राजाकडे. म्हणजे वैद्यशाळेच्या कलमाप्रमाणे खुद्द महाराजांस उंबरठ्याबाहेर थांबणे प्राप्त. महाराज दिवाणजींस बोलिले, "वैद्यास पणज्याचे काम काय पडते हो?"

"काहीच नाही, महाराज. नाडी ज्याची त्यानेच पाहावयाची."

तत्क्षणी कलम रद्द जाहले. पौर्णिमेस मंजुळा वैद्यशाळेत दाखल जाहली. दारी कासेरीचा कागद तिने गाठोड्यातून काढिला देखील, परंतु द्वारपाल बोलिला, "ठेवा ठेवा, ताई. ते पाहणे आता मना आहे."

इतुके वर्तमान घडले तैसे लिहिले. वंश लिहिणाराने प्रथम गाव लिहावे, जन्मदिवशी ते ज्या परगण्यात होते तो परगणा लिहावा, आणि गाव पुढे कोणाकडे गेले ते सालासह खाली निराळे लिहावे. वरच्या ओळीस हात लावू नये. ती ओळ मेलेल्याची. तिजवर हयात माणसाचा अंमल नाही.