सयाजी मास्तरांचा हुकमी डाव

शाहू महाराजांच्या अमदानीत कोल्हापुरात शहाण्यांना तोटा नव्हता, पण सयाजी मास्तर म्हणजे त्यातलं वरचं पीक! तीन महिने मद्रासला राहिले, बास्केटबॉल नावाचा खेळ शिकून आले आणि तेव्हापासून कुस्तीचं नाव काढलं की नाक मुरडायला लागले. "कुस्ती? रेड्यांचं काम! आमच्या खेळाला डोकं लागतं, डोकं!"

त्यात दरबारात क्रीडामास्तराची जागा निघाली. शनिवारी मास्तरांच्या पोरांचा सांगलीच्या संघाशी सामना होता आणि दरबारचे साहेब तो बघूनच माणूस नेमणार होते. मास्तरांनी नेमणुकीआधीच नवा कोट शिवायला टाकला!

सांगलीकरांची रीत अशी, की एकेका गड्याला एकेक गडी चिकटायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. त्यावर मास्तरांनी घरातच डाव मांडला. पाच कांदे आपले, पाच लसणाचे गड्डे सांगलीचे.

"हे बघ," ते बायकोला म्हणाले, "आपले तीन कांदे डावीकडं पळाले. त्यांचे तीन लसूण मागनं येणार. हा चौथा कांदा म्हणजे आपला आकाराम, वाटेत खांबागत उभा. पाचवा सिकंदर, त्याला घासून पुढं सटकणार. मागचे दोन लसूण आकारामवर आपटून आडवे! सिकंदर एकटा टोपलीखाली. संपलं!"

"संपलं न्हवं?" झुंबरबाई म्हणाल्या. "मग द्या ते कांदे. कालवण खोळंबलंय."

बाईमाणसाला डाव काय कळणार, म्हणून मास्तर हसले.

अडचण एकच होती. मास्तरांची पाचही पोरं शिवाजी पेठेतल्या तालमीतली. सिकंदर तर बाबालाल वस्तादांचा लाडका पठ्ठ्या, उंचीला ताडमाड. पण मास्तरांनी आठवडाभर घोटून घेतलं. कुणी कुठं पळायचं, कुणी कुठं उभं राहायचं, सगळं पाठ!

शनिवारी मैदानाभोवती ही गर्दी! हलगीवालेसुद्धा आलेले. दोन्हीकडं चार-चार गुण झाले, एक मिनिट उरलं आणि मास्तरांनी शिट्टी फुंकून खूण केली.

आणि काय सांगावं, डाव लागला की! तिघं डावीकडं पळाले, सांगलीचे तिघं मागं पळाले. सिकंदर आकारामला घासून निसटला. मागचे दोघं आकारामच्या छातीवर असे आदळले, की एकमेकांच्या पायात पाय अडकून सपशेल आडवे! सिकंदर बॉल घेऊन टोपलीखाली एकटा. हात वर केला की काम फत्ते.

सिकंदरनं मागं वळून बघितलं. बॉल खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला!

"टाक! अरे टाक!" मास्तर किंचाळले.

"कसं टाकू, मास्तर? माझ्या जोडीचा गडी खाली पडलाय की! समोर कोण न्हाय!"

"न्हाय म्हणूनच टाक, गाढवा!"

"न्हाय बा! उठू दे त्याला." आणि त्यानं खणखणीत शड्डू ठोकला. "ऊठ रं पावण्या, ये!"

पावणा उठला, आला, बॉल उचलला आणि पळत जाऊन पलीकडच्या टोपलीत टाकला. वेळ संपली. सांगली जिंकली!

पण लोक कुठले ऐकतात! हलगी कडाडली, सिकंदरला खांद्यावर घेतला, कुणी फेटा बांधला. साहेब स्वतः मैदानात उतरले. "वा रे पठ्ठ्या! पडलेल्या गड्यावर डाव साधायचा नाही, ही खरी खिलाडूवृत्ती! मला अशीच पोरं घडवणारा माणूस हवाय. मास्तर, हे तुम्ही शिकवलंत?"

एक 'हो' म्हणायचं होतं हो! दीड अक्षरसुद्धा नाही! पण मास्तरांच्या डोक्यात नुसता जाळ झालेला.

"मी? असला गाढवपणा मी शिकवीन? हे त्या बाबालाल वस्तादाचं खूळ!"

"अस्सं?" साहेबांनी नाव टिपून घेतलं.

सोमवारी हुकूम निघाला. क्रीडामास्तर म्हणून बाबालाल वस्तादांची नेमणूक!

मास्तरांनी घरी येऊन पहिल्यापासून सगळं सांगितलं. झुंबरबाईंनी कपाळावर हात मारला.

"अवो, शेजारणीची आमटी चांगली झाली तरी 'मीच शिकवली' म्हणून गावभर सांगत फिरता! नेमकं त्याच दिवशी खरं बोलायला तुमास्नी कुणी सांगितलंतं?"